रेडिओचा नवा कान, नवी काच: जळगावात बनणाऱ्या जुन्या भागांची तपासणी

जुना व्हॉल्व्ह रेडिओ (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा) दुरुस्त करताना सर्किटपाशी फारसं अडत नाही. गळके कागदी कपॅसिटर काढून 630 व्होल्टचे पॉलिएस्टर टाकले, पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक बदलले, दोन-चार रेझिस्टर मोजून घेतले की बहुतेक सेट बोलू लागतात. अडतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या भागांपाशी. कान पिळायला बटणच नाही. डायलवरची अर्धी स्टेशनं कुणीतरी दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्यानं पुसून टाकलेली. मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. मग एकतर दुसरा मोडका सेट विकत घेऊन त्याचे अवयव काढायचे, नाहीतर हे भाग नव्यानं बनवून घ्यायचे.

जळगावच्या एमआयडीसीत एका शेडच्या अर्ध्या भागात हे दुसरं काम चालतं. बाहेर पाटी नाही, पण जळगाव-भुसावळकडचा जुना रेडिओ मेकॅनिक पत्ता सांगतो. आजूबाजूला प्लास्टिकच्या चटयांचे आणि पाइपांचे कारखाने, त्यामुळे रंगद्रव्य, लेथवाला, साचेवाला, छपाईची शाई सगळं हाकेच्या अंतरावर. इथून घेतलेली 11 बटणं, 3 डायल काचा आणि 2 मागचे पुठ्ठे चार वेगवेगळ्या सेटांवर बसवून, उन्हाळ्यासकट सहा महिने वापरून ही तपासणी केली आहे.

आधी बटणं. मूळ बटण बेकेलाइटचं किंवा पॉलिस्टायरीनचं असतं, आत पितळी बुश, म्हणजे भोकातली नळी. इथं ते पॉलियुरेथेन रेझिनमध्ये ओततात. तुम्ही दिलेल्या शाबूत बटणावरून सिलिकॉन रबराचा साचा होतो. त्यातून पंचवीस-तीस नग निघाले की साच्याच्या कडा फाटू लागतात आणि बटणावरच्या खाचा बोथट येतात, म्हणून साचा कितवा नग देतोय हे विचारायला लाजू नये. रेझिन व्हॅक्यूममध्ये धरून हवा काढली नाही तर खाचांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. 11 पैकी दोन बटणांत ते होते, कुरकुर न करता बदलून मिळाली. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं. 40 मिमी व्यासाच्या बटणात फरक 0.2 मिमीच्या आसपास आला, तो नजरेला कळत नाही. रंग मात्र कळतो. हस्तिदंती रंगाचं एक मूळ आणि तीन नवी अशी रांग लावली तर खिडकीच्या उजेडात मूळ बटण लगेच वेगळं पडतं. घ्यायची तर चारही नवी घ्यावीत.

मेख आहे ती भोकात. इंग्लिश घडणीच्या सेटांचे शाफ्ट (बटण ज्यावर बसतं ते दांडे) पाव इंची, म्हणजे 6.35 मिमी, तर युरोपातल्या इतर घडणींत 6 मिमी. दोन्ही आपल्याकडच्या घरांत सापडतात. ‘मर्फीचं बटण’ किंवा ‘फिलिप्सचं बटण’ एवढं सांगून ऑर्डर देऊ नका, कारण मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी व्हॉल्यूम कंट्रोल बदललेला असू शकतो आणि बाजारातला आजचा कंट्रोल बहुधा 6 मिमीचा असतो. व्हर्निअरनं प्रत्येक शाफ्ट मोजा आणि आकडा कागदावर लिहून द्या. 6.35 चं बटण 6 च्या शाफ्टवर स्क्रू आवळून बसतं खरं, पण केंद्र सुटतं आणि फिरवताना बटण डुगडुगतं. चुकून आलंच तर परत पाठवत बसू नका. 0.15 मिमी पितळी पत्र्याचा एक वेढा शाफ्टवर घातला की काम होतं. जुन्या इंग्लिश बटणांतला स्क्रू बरेचदा 4 बीए या जुन्या ब्रिटिश मापाचा, म्हणजे 3.6 मिमी जाडीचा असतो. इथं सरसकट एम4 चा, म्हणजे 4 मिमी जाडीच्या स्क्रूचा आटा पाडतात. मूळ स्क्रू जपून ठेवला असेल तर तो या भोकात नुसता गरगर फिरेल. 4 बीएचा टॅप त्यांच्याकडं आहे, पण मागितल्याशिवाय वापरत नाहीत.

आता जी गोष्ट सांगायची ती जिवाशी संबंधित आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ज्या सेटात मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही (आत यूसीएच81, यूएल84, यूवाय85 असे ‘यू’नं सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर समजा तोच) त्यात चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की अख्ख्या चॅसिसवर 230 व्होल्ट. शाफ्ट चॅसिसला टेकलेला, ग्रब स्क्रू (बटण आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टला टेकलेला आणि तुमचं बोट बटणावर. म्हणून मूळ बटणांत स्क्रू भोकात खोल बुडवून वरून मेण भरलेलं असे. जुन्या मेकॅनिकनं ते मेण खरवडलं असेल तर पुन्हा भरायचं असतं. इथल्या तीन बटणांत 6 मिमी लांबीचे स्क्रू टाकलेले होते आणि त्यांची टोकं भोकाच्या तोंडाशी जवळपास सपाट आली होती. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटावर हे चालून जातं. यू-मालिकेच्या सेटावर अजिबात नाही. 4 मिमी लांबीचा स्क्रू टाका, वर मेण किंवा एपॉक्सी भरा, आणि सेट चालू करून, प्लग दोन्ही बाजूंनी लावून, स्क्रूच्या भोकावर टेस्टर टेकवून बघा. दिवा लागला तर बटण बाद. दाखवून दिल्यावर कारागिरानं ऑर्डरच्या कागदावर ‘ट्रान्सफॉर्मर आहे / नाही’ असा रकाना टाकला, ही जमेची बाजू. तो रकाना भरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

उन्हाळ्याचंही बघायला हवं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. साधं ओतीव पॉलियुरेथेन 60-70 अंशांना मऊ पडू लागतं, आणि खिडकीत ठेवलेल्या, आतून व्हॉल्व्ह तापलेल्या सेटाचं गडद बटण दुपारी त्याच्या जवळ जातं. एका तपकिरी बटणाचा पितळी बुश मे अखेरीस आतल्या आत सुटला: बटण फिरतं, शाफ्ट फिरत नाही. बुशच्या बाहेरच्या अंगाला नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीच्या बारीक खाचा, नव्हतं, गुळगुळीत बुशला रेझिन धरणार कशानं? दुसऱ्या खेपेला नर्लिंग केलेले बुश आणि उष्णता सोसणारं रेझिन आलं. साधं बटण ₹180, हे ₹240. खानदेशात राहणाऱ्यानं साठ रुपयांकडं बघू नये.

डायलची काच हे इथलं खरं कसब. जुन्या डायलवरची अक्षरं काचेच्या मागच्या अंगावर, उलटी छापलेली असतात, समोरून बघताना सुलटी दिसतात. छपाईचा क्रमही उलटा: आधी सगळ्यात पुढं दिसणारी अक्षरं आणि रेघा, मग रंगीत पट्टे, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. तीन रंगांची डायल म्हणजे शाई दाबून छापायच्या तीन जाळ्या, तीनदा काच एकाच जागी अचूक बसवायची आणि प्रत्येक रंग सुकू द्यायचा. काचेसाठीची दोन भागांची एपॉक्सी शाई वापरतात आणि भट्टीत भाजून पक्की करतात. भाजणं घाईत उरकलं तर नखानं कोपरा उकलतो. तपासायची सोपी रीत: काठावर सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढा. तिन्ही काचा या परीक्षेत उतरल्या.

दुसरी परीक्षा दिव्याची. डायलमागं 6.3 व्होल्टचे छोटे दिवे असतात. दिवसा भरगच्च काळी दिसणारी पार्श्वभूमी दिवा लागला की चाळणीसारखी दिसू शकते. एका काचेत अशी आठ-दहा छिद्रं निघाली. पार्श्वभूमीचा दुसरा हात मारून ती बुजवून दिली, पण हा दुसरा हात आधीपासूनच नेहमीचा असायला हवा. सोनेरी रंग ही आणखी एक दुखरी जागा. कांस्याची भुकटी मिसळलेली शाई काही महिन्यांत तपकिरी पडते. अभ्रकाच्या चकाकीची शाई टिकते, फक्त थोडी फिकी दिसते. मी दुसरी घेईन.

माप चुकलं तर सगळंच चुकलं. समजा काच 240 मिमी लांब आहे आणि चित्र अर्ध्या टक्क्यानं मोठं छापलं गेलं. शेवटाला 1.2 मिमीची चूक झाली. मिडियम वेव्हचा 530 ते 1600 किलोहर्ट्झचा पट्टा अशा डायलवर साधारण 200 मिमीत बसतो, म्हणजे सरासरी मिलिमीटरला सुमारे 5.35 किलोहर्ट्झ, आणि वरच्या टोकाला जिथं स्टेशनं दाटीवाटीनं बसतात तिथं त्याहून जास्त. आपल्याकडं दोन स्टेशनांत 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं. काटा शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहणार. सिग्नल जनरेटरवर 600, 1000 आणि 1400 किलोहर्ट्झ लावून बघितलं, तेव्हा दोन काचांवर काटा खुणेच्या रेघेवर आला. तिसरीवर 1400 ला सुमारे दीड मिमी पुढं. त्या काचेचं मूळ चित्र ग्राहकानं मोबाइलवर काढून पाठवलेलं होतं. मोबाइलचं भिंग कडांना चित्र वाकवतं, त्यावर कितीही पैसे टाका, सुधारत नाही. काच फ्लॅटबेड स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप पडताळता येतं. चित्र मागच्या अंगावर असतं, पण रंग सुटत असेल तर ती बाजू स्कॅनरवर ठेवू नका, उचलताना अक्षरं स्कॅनरवरच राहतील. रंगाची बाजू वर ठेवून, काचेच्या जाडीतून स्कॅन करा आणि त्यासाठी जुना सीसीडी स्कॅनर शोधा. हल्लीच्या पातळ सीआयएस स्कॅनरला दोन-तीन मिमी उंचीवरचं चित्रही धूसर दिसतं.

काचेची जाडी मूळ काचेइतकीच मागा. 3 मिमीच्या जागी 4 मिमीची काच आली तर पत्र्याच्या क्लिपा जोर लावून बसवाव्या लागतात आणि कोपरा तडकतो. काही डायली काठातून उजळणाऱ्या असतात, त्यांचा काठ घासून पॉलिश केलेला हवा. तसं सांगितलं नाही तर इथं नुसता कापलेला काठ येतो आणि अक्षरं मंद दिसतात.

कंपनीचं नाव छापायला इथं साफ नकार मिळतो. डायलच्या मधोमध जिथं नाव असायचं तिथं कोरी जागा सोडतात. विचारलं तर ठरलेलं उत्तर: ‘दुसरानं नाव आपले नको,’ म्हणजे दुसऱ्याचं नाव आपल्याला नको. बरेच ग्राहक इथं चिडतात. कंपनी रेडिओ बनवत नाही, मग हरकत कोण घेणार? पण कारागीर बरोबर आहे आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण बटण, चित्र आणि नाव यांना तीन वेगळे कायदे लागतात.

बटणाचा आकार हे डिझाइन. 1911 च्या जुन्या कायद्यात नोंदलेल्या डिझाइनला पाच-पाच-पाच अशी जास्तीत जास्त पंधरा वर्षं मिळत, 2000 च्या कायद्यात दहा अधिक पाच. 1960 च्या दशकातल्या बटणाचं संरक्षण कधीच संपलं. नोंदणीच केली नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 15 आहे: नोंदता येण्यासारखं डिझाइन न नोंदता कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त नग काढले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट उरत नाही. बटणं बिनधास्त ओता.

डायलचं रेखाटन हे चित्र. त्याला 1957 चा कॉपीराइट कायदा. डायल रेखाटणाऱ्याचं नाव तिच्यावर नसतं, आणि निनावी कृतीचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं चालतो. 1965 साली बाजारात आलेली डायल 2025 च्या 31 डिसेंबरला मोकळी झाली, 1972 ची 2032 अखेर होईल. चित्रकार कोण हे मुदतीच्या आत उघड झालं तर हिशोब बदलतो: त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. डायलही कारखान्यात हजारोंनी छापलेली, मग तिलाही कलम 15 लागू करा असा युक्तिवाद होतो. चित्र कुठं संपतं आणि डिझाइन कुठं सुरू होतं यासाठी सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या एप्रिलमध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स खटल्यात दोन टप्प्यांची कसोटी घालून दिली आहे. पण तो युक्तिवाद कोर्टात करायचा असतो, काउंटरवर नाही. इथं सरळ नियम आहे: 1965 पर्यंतची डायल छापून मिळते. त्यानंतरची असेल तर फक्त मीटर, किलोहर्ट्झचे आकडे आणि स्टेशनांची नावं साध्या अक्षरांत. 31 मीटर हा आकडा कुणाच्या मालकीचा नाही, ते बरोबरच आहे. पण ग्राहकाच्या सांगण्यावरून वर्ष धरतात, त्याची पडताळणी करत नाहीत. तिथं शिस्त सैल आहे.

आणि नाव म्हणजे ट्रेडमार्क. याला शेवटची तारीखच नाही, दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं की पुढं चालू. कारखान्याला कुलूप लागलं तरी नाव मरत नाही, ते विकत घेणाऱ्याकडं किंवा लिक्विडेटरकडं जातं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 30 नुसार ‘अमुक कंपनीच्या सेटाला बसेल’ असं सांगता येतं, सांगणं गरजेचं असेल आणि त्यातून माल त्या कंपनीचाच आहे असा भास होत नसेल तर. काचेवर लोगो छापणं म्हणजे तोच भास. खोटं चिन्ह लावल्याबद्दल कलम 103 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. बाराशे-पंधराशेच्या कामासाठी ही जोखीम कोण घेईल?

अमेरिकेतल्या पिनबॉलवाल्यांचं (फ्लिपरनं गोळी उडवायच्या खेळयंत्रांचे शौकीन) दुखणं नेमकं हेच आहे. विल्यम्स कंपनीनं 1999 मध्ये पिनबॉल यंत्रं बनवणं बंद केलं. रबरी कड्या, कॉइल, फ्लिपरचे सुटे भाग कुणीही बनवून विकतं. पण यंत्राच्या डोक्यावरची रंगीत काच, जी अगदी आपल्या डायलसारखी मागून छापलेली असते आणि तशीच पापुद्रे सोडते, ती परवान्याशिवाय छापता येत नाही, कारण चित्राचे हक्क जिवंत आहेत.

इथल्या प्रत्येक काचेच्या खालच्या काठाला, क्लिपेखाली झाकली जाईल अशा जागी, ‘पुनर्निर्मित’ आणि साल बारीक अक्षरांत छापतात. ही पद्धत मला फार आवडली. जुन्या बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून खपवलेल्या नव्या डायली पाहिल्या की तिची किंमत कळते. मात्र तीनपैकी एका काचेवर तो शिक्का राहून गेला होता. आणि एवढं सगळं पाळणारा हा माणूस काचेसोबत सर्व्हिस शीटची (कंपनीच्या दुरुस्ती-कागदाची) झेरॉक्स मात्र फुकट देतो, सत्तरच्या दशकातलीसुद्धा. त्या कागदालाही तोच 60 वर्षांचा हिशोब लागतो. लोगो नको आणि झेरॉक्स चालेल, हे जुळत नाही.

एक मागणी खास आपल्या भागातली. आकाशवाणीचं जळगाव केंद्र 1976 साली सुरू झालं, त्यामुळं त्याआधीच्या कुठल्याही डायलवर जळगाव नाही. लोक म्हणतात, 1962 च्या डायलवर जळगाव घाला. 963 किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे 311 मीटरपाशी, अक्षरं वेगळ्या जाळीनं छापून मिळतात, ₹300 जादा. हौसेला मोल नाही, पण मग तो सेट जुना जसाच्या तसा आहे असं विकताना म्हणता येणार नाही.

मागच्या पुठ्ठ्यांबद्दल थोडक्यात. 3 मिमी हार्डबोर्ड, लेझरनं कापलेला, हवेची भोकं मूळ नमुन्याप्रमाणं, व्हॉल्व्हची मांडणी आतून छापलेली. लेझरनं कडा जळून काळ्या पडतात. तो कोळसा ओल्या कापडानं पुसून, वाळवून, शेलॅकचा हात मारा, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि मेन्सच्या तारा याच कडेतून बाहेर येतात. यू-मालिकेच्या सेटाला पुठ्ठा ही शोभा नाही, तेच झाकण आहे. पुठ्ठ्याशिवाय असा सेट चालवूच नका. नग ₹350, पैसे वसूल.

एका रंगाची काच ₹1,400, पुढचा प्रत्येक रंग ₹300. चित्र नव्यानं रेखाटायचं असेल तर ₹1,200 वेगळे, पण तेच मॉडेल आधी कुणी करून घेतलं असेल तर ते लागत नाहीत, म्हणून आधी यादी विचारा. तीन आठवडे सांगतात, पाच लागतात. लग्नसराईत पत्रिकांच्या छपाईचं काम येतं तेव्हा सहा. एसटीच्या पार्सलनं आलेली एक काच फुटून आली, नुसत्या बबल रॅपमध्ये होती. बदलून मिळाली, पण आणखी तीन आठवड्यांनी. दोन 6 मिमी प्लायच्या मध्ये काच बांधून पाठवा असं लेखी सांगा, किंवा सरळ जाऊन घेऊन या. अमळनेर, चाळीसगाव, धुळ्याहून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येतं, आणि तिथंच दिव्यासमोर धरून छिद्रं बघता येतात.

नमुन्याला दिलेली जुनी काच परत मागून घ्या, विसरतात. घरी आल्यावर ती पुसू नका, पाण्यानं नाही, स्पिरिटनंही नाही. नुसत्या मऊ ब्रशनं धूळ झटका, बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि सेटाच्या आत, कॅबिनेटच्या बाजूला, व्हॉल्व्हपासून लांब चिकटवून ठेवा.